कॉलेज कॉन्फरन्सने स्वतःचं टीव्ही चॅनल काढावं का? (पॅक-१२, बिग टेन आणि बाकीचे)

निळीखाडी

३० जून २०२४ ला पॅक-१२ नेटवर्क, म्हणजे अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांच्या गटाचं खेळांचं चॅनल, बंद झालं. ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवे होतो. स्टॅनफर्डचं वॉटर पोलो, कॅलचं (बर्कलीचं) रग्बी, अ‍ॅरिझोनाचं सॉफ्टबॉल हे सगळं मी त्या एका चॅनलमुळे बघायला शिकलो. म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात आणि टीव्हीचे हक्क गटाने मिळून विकतात. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक म्हणजे ईएसपीएन, सीबीएस, फॉक्स वगैरे. मग काही गटांनी ठरवलं की चॅनलच काढू. २००६ मध्ये माउंटन वेस्टने पहिलं काढलं, ते २०१२ मध्ये बंद झालं. २००७ मध्ये मिडवेस्टच्या बिग टेन गटाचं बिग टेन नेटवर्क आलं, फॉक्सच्या भागीदारीत. २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या एसईसी गटाचं एसईसी नेटवर्क आणि २०१९ मध्ये एसीसी गटाचं एसीसी नेटवर्क, दोन्ही ईएसपीएनचे. पॅक-१२ मात्र एकट्याने उतरली. शंभर टक्के मालकी विद्यापीठांची.

बिग टेन नेटवर्क सोन्याची खाण ठरलं आणि पॅक-१२ नेटवर्क बारा वर्षांत मिटलं. शेवटी तर बारापैकी दहा विद्यापीठं गट सोडून गेली. मागे राहिली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

आता २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन नवी पॅक-१२ उभी राहतेय. त्यांनी पुन्हा स्वतःचं चॅनल काढावं का? मला वाटतं, काढावं. खेळ तुमचे, खेळाडू तुमचे, मैदान तुमचं, मग नफ्यात दुसऱ्याला वाटेकरी का करायचं? तुमचं मत सांगा.

हुरॉनकाठ

चांगला विषय. बिग टेन नेटवर्क सोन्याची खाण ठरलं खरं, पण पहिलं वर्ष कसं गेलं ते आम्हा अ‍ॅन आर्बरवाल्यांना, म्हणजे बिग टेनमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या गावच्यांना विचारा.

चॅनल सुरू झालं ३० ऑगस्ट २००७ ला, गुरुवारी. शनिवारी, १ सप्टेंबरला मिशिगनची अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातली पहिली मॅच, अ‍ॅपलाचियन स्टेटशी. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर आणि समोरचा संघ खालच्या विभागातला. अशी मॅच मोठी चॅनलं घेत नाहीत, म्हणून ती नव्या चॅनलच्या वाट्याला आली. आणि मिशिगन ३४-३२ ने हरलं. शेवटच्या क्षणी फील्ड गोलची किक अडवली गेली. स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं सुन्न बसलेली.

आता गंमत बघा. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धक्का ज्या चॅनलवर लागला, ते मिशिगनच्याच बहुतेक घरांत दिसत नव्हतं. सॅटेलाइट डिश असणाऱ्यांकडे होतं, पण मोठ्या केबल कंपन्यांनी घेतलेलंच नव्हतं. आमच्या गल्लीत एकाकडे डिश होती. त्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खेळ संपल्यावर एकही माणूस बोलला नाही. त्या घरच्या आजींनी सगळ्यांना चहा दिला तेव्हा कुठे कंठ फुटला.

कॉमकास्टशी करार व्हायला जून २००८ उजाडला. पहिला अख्खा फुटबॉल मोसम तसाच गेला.

अवकाळी

ती शेवटची किक मी कितीतरी वर्षांनी यूट्यूबवर बघितली. निकाल माहीत असूनही छातीत धडधडलं.

जमाखर्च

निळीखाडी, मालकीच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. केबलच्या व्यवसायात काही वर्षं हिशेबाचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या चॅनलांचा पैसा जाहिरातींतून येतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. जाहिराती असतात, पण खरा पैसा येतो केबल कंपनीकडून दर घरामागे दर महिन्याला. बिग टेन नेटवर्कने आपल्या राज्यांत घरामागे महिना डॉलरभर मागितला होता. राज्यांबाहेर काही सेंट. कॉमकास्टचं म्हणणं होतं, ज्याला हवं तो वेगळे पैसे भरून घेईल, आम्ही चॅनल खेळांच्या जादा पॅकमध्ये टाकतो. बिग टेन म्हणे, नाही, सगळ्यांना मिळणाऱ्या मूळ पॅकमध्ये हवं. सगळं भांडण एवढंच होतं. सोसायटीत तळमजल्यावरचा माणूससुद्धा लिफ्टचा मेंटेनन्स भरतो, तसं. जो फुटबॉल कधीच बघत नाही त्याच्या बिलातूनही पैसे जायला हवेत, तरच आकडा मोठा होतो.

अशी अट केबल कंपनी कधी मान्य करते? समोरच्याच्या हातात हुकमाचं पान असेल तेव्हा. फॉक्सच्या हातात ते होतं. एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल), बेसबॉल, बातम्या, मनोरंजन सगळं त्यांच्याकडे. ईएसपीएनची ताकद त्याहून मोठी, म्हणून एसईसी नेटवर्क ऑगस्ट २०१४ ला सुरू होतानाच जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांवर होतं. एसईसीने मालकी ठेवलीच नाही. ईएसपीएनकडे दिली, नफ्यात वाटा घेतला आणि निवांत राहिली.

पॅक-१२ कडे कॉमकास्ट, टाइम वॉर्नर, कॉक्स आणि ब्राइट हाउस होते. डायरेक्टीव्ही ही डिशवाली कंपनी शेवटपर्यंत आली नाही. खेळांचे शौकीन नेमके डायरेक्टीव्हीवर. स्पोर्ट्स बार, हॉटेलं, सगळीकडे तीच डिश. पॅक-१२ ला तिला वाकवता आलं नाही, कारण धाक घालायला दुसरं चॅनलच नव्हतं.

शंभर टक्के मालकी कशाची, हा प्रश्न आहे. बिग टेनने सुरुवातीला ५१ टक्के ठेवले होते, आता फॉक्सकडे ६१ टक्के आहेत. तरी बिग टेनच्या विद्यापीठांना मिळणारी रक्कम पॅक-१२ च्या विद्यापीठांच्या कितीतरी पुढे गेली.

रारिटनची सून

जमाखर्च, तळमजल्यावरचा माणूस म्हणजे आम्ही न्यू जर्सीवाले. :)

रटगर्स (आमच्या न्यू जर्सीचं विद्यापीठ) आणि मेरीलँड २०१४ मध्ये बिग टेनमध्ये कशाला आले? रटगर्सच्या फुटबॉलचा दबदबा होता म्हणून नाही. न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टनच्या बाजारात चॅनलला 'आपल्या राज्यातला' जास्तीचा दर लागू व्हावा, हे त्यातलं मोठं कारण. एडिसनमध्ये ज्यांना फुटबॉलचा चेंडू लांबट असतो एवढंच माहीत, त्यांच्या बिलातूनही मिडवेस्टच्या विद्यापीठांना पैसे जाऊ लागले.

मला यातला पैशाचा भाग कळतो, पण मुलांचं काय? माझ्या नणंदेची मुलगी रटगर्सला आहे. तिची रूममेट खेळाडू. आता गटात पश्चिम किनाऱ्यावरचे युसीएलए, यूएससी, ओरेगन, वॉशिंग्टन पण आहेत. एका मॅचसाठी अख्खा देश ओलांडून जायचं आणि सोमवारी सकाळी केमिस्ट्रीच्या लॅबला हजर राहायचं. फुटबॉलच्या संघाला चार्टर विमान मिळतं. बाकीच्या खेळांतल्या मुली विमानतळावर जमिनीवर बसून असाइनमेंट लिहितात. टीव्हीच्या बाजारासाठी गटांचे नकाशे बदलायला लागले, तिथेच हे सगळं बिघडलं असं माझं ठाम मत आहे.

ढगाळ_सिअ‍ॅटल

रारिटनच्या सूनबाईंना पूर्ण अनुमोदन.

जमाखर्चांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण पॅक-१२ चं सगळं खापर डायरेक्टीव्हीवर फोडू नका. काही गोष्टी त्यांच्याच हातात होत्या.

एक तर चॅनल एक नव्हतं, सात होती. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. वॉशिंग्टनचं वेगळं, ओरेगनचं वेगळं, अ‍ॅरिझोनाचं वेगळं. सात चॅनलांचा खर्च, सात ठिकाणी विक्री. ऑफिस कुठे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यभागी. तिथलं भाडं काय असतं हे निळीखाडींना सांगायला नको. शेवटी २०२३ मध्ये ते सॅन रामोनला हलले, पण तोवर फार उशीर झाला होता.

दुसरं म्हणजे वेळ. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच न्यू यॉर्कला रात्री साडेदहाला सुरू होते. पूर्वेकडचा माणूस हाफटाइमपर्यंत झोपलेला असतो. पुरस्कारांसाठी मतं देणारे पत्रकार बहुतेक तिकडचे. आमच्या चांगल्या खेळाडूंना त्यांनी नीट पाहिलेलंच नसायचं.

आणि मुख्य म्हणजे मोठ्या मॅच आधीच ईएसपीएन आणि फॉक्सला दिलेल्या. २०११ मध्ये बारा वर्षांचा, तीन अब्ज डॉलरचा करार केला, त्या वेळी तो सगळ्यात मोठा होता. मलई तिकडे गेली. स्वतःच्या चॅनलकडे ज्या मॅच उरल्या, त्यांच्यासाठी कोण केबल कंपनीला फोन करून भांडणार?

कृष्णाकाठचा

मी कराडचा, सध्या पर्ड्यूत (हेही बिग टेनमधलं विद्यापीठ) पीएचडी. आल्या आल्या जेवणाच्या पैशांसाठी विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागात काम धरलं. त्यामुळे या चॅनलची एक बाजू मला आतून दिसली, तीही सांगतो.

बिग टेन नेटवर्कचा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम आहे. छोट्या खेळांचं प्रक्षेपण बरंचसं विद्यार्थीच करतात. कॅमेरा, रिप्ले, ग्राफिक्स, समालोचनसुद्धा. मला पहिल्यांदा कुस्तीला उभं केलं, मॅटच्या कोपऱ्यात खांद्यावर कॅमेरा देऊन. आमच्याकडे कुस्ती म्हणजे तांबडी माती, हलगी आणि गावची जत्रा. इथली मॅटवरची, गुणांची. पण आयोवाचा पैलवान मॅटवर आला आणि लोक ज्या आवाजात उठले, त्या आवाजाला मी ओळखत होतो. कॅमेरा हलू न देण्याची पराकाष्ठा करत होतो आणि हेडफोनवर दिग्दर्शिका ओरडत होती, 'पायाकडे, पायाकडे!' तिला कुस्ती कळत नव्हती. मला कळत होती. डाव पायातून नाही, कमरेतून निघणार हे दिसत होतं. मी कमरेवर राहिलो आणि पट तिथूनच निघाला. नंतर ती स्वतः येऊन म्हणाली, पुढच्या कुस्तीला तूच हवास.

माझ्या बरोबरच्या कॅमेरावाल्यांपैकी काही आज मोठ्या चॅनलांत कामाला आहेत. चॅनल नसतं तर विद्यापीठांनी एवढे कंट्रोल रूम, एवढ्या फायबर लाइनी कधी टाकल्या असत्या? पैशाच्या चर्चेत हे मोजलं जात नाही.

हुरॉनकाठ

कृष्णाकाठ, वा! असे प्रतिसाद वाचायला मिळतात म्हणून इथे येतो.

मक्याच्या_देशात

कृष्णाकाठला जोडून. मी लिंकनला राहते, नेब्रास्कात. इथे व्हॉलीबॉल म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींची व्हॉलीबॉलची मॅच फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली. ९२,००३ प्रेक्षक! मुलींच्या खेळाला एवढी गर्दी त्याआधी कुठेच नोंदलेली नव्हती. मी मुलीला घेऊन वरच्या रांगेत होते. खाली कोर्ट पत्त्याएवढं दिसत होतं, तरी प्रत्येक स्मॅशला सगळं स्टेडियम उभं राहत होतं. शेतातून थेट आलेली माणसं होती, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या होत्या.

ती मॅच बिग टेन नेटवर्कवर लाइव्ह होती. हे एका दिवसात झालेलं नाही. चॅनल काढताना बिग टेनने ठरवलं होतं की काही वर्षांत मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धा सारख्याच संख्येने दाखवायच्या. चोवीस तास भरायचे होते हेही खरं, नुसत्या फुटबॉलने ते भरत नाहीत. पण कारण काहीही असो, पंधरा वर्षं दर आठवड्याला व्हॉलीबॉल घरात दिसलं, म्हणून लहान मुलींना खेळाडूंची नावं पाठ झाली. माझी मुलगी आता शाळेच्या संघात लिबेरो आहे.

पाटपाणी

मूळ विषयाला सोडून विचारते. हे आपल्याकडे का होत नाही? एकेकाळी रोहिंटन बारिया करंडकाला केवढा मान होता. १९३५ पासूनची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा. गावसकर मुंबई विद्यापीठाकडून त्यात खेळून पुढे आले. आता अंतिम सामना कधी झाला तेसुद्धा पेपरात सापडत नाही. पुणे, मुंबई, शिवाजी, नागपूर अशा विद्यापीठांनी मिळून एक चॅनल काढलं तर? कबड्डी, खो-खो, मल्लखांब, कुस्ती. बघणारे नक्की आहेत.

जमाखर्च

पाटपाणी, मलाही आवडेल. पण जो पाया अमेरिकेत होता तो आपल्याकडे आता नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या नियमांनी ग्राहकाला चॅनल निवडायचा हक्क दिला. जे हवं त्याचेच पैसे भरा. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तमच झालं. पण न बघणाऱ्याच्या बिलातून चालणारं चॅनल त्यामुळे आपल्याकडे उभं राहू शकत नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्या सरकारी पैशावर चालतात. आपल्याकडे करायचं तर यूट्यूबवरच, आणि कृष्णाकाठसारखी मुलं हाताशी धरून.

अमेरिकेतही तो पाया खचत चाललाय. पॅक-१२ ने चॅनल काढलं तेव्हा तिथे दहा कोटींच्या आसपास घरांत केबल किंवा डिश होती. तेव्हापासून आकडा उतरतोच आहे.

तळमळे_वकील

या सगळ्याचं मूळ एका खटल्यात आहे, ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं टीव्ही वेळापत्रक एनसीएए ही कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना ठरवायची. एका संघाने दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसायचं नाही, असा नियम. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम रद्द केला, कारण तो स्पर्धेला मारक होता. तिथून हक्क विद्यापीठांकडे आणि पुढे कॉन्फरन्सांकडे आले.

विरोधातलं मत लिहिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू. त्यांचं म्हणणं, कॉलेजचा खेळ हा निव्वळ धंदा नाही, शिक्षणाचा भाग आहे, त्याला बाजाराचा नियम लावू नका. मी बहुमताच्या बाजूचा आहे. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच होता. पण रारिटनच्या सूनबाईंचा प्रतिसाद वाचताना व्हाइट आठवले. आणि त्यांच्याच कोलोरॅडोने २०२३ च्या जुलैमध्ये पॅक-१२ सोडायचं जाहीर केलं. पाठोपाठ साधारण आठवड्याभराने ओरेगन आणि वॉशिंग्टननेही तेच केलं.

अवकाळी

खेळाडूंना या पैशातलं काय मिळायचं?

तळमळे_वकील

शिष्यवृत्ती, राहणं, जेवण. चॅनलच्या उत्पन्नातला थेट वाटा नाही. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, तेव्हापासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर एका विद्यापीठामागे. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

ह्यूस्टनचा_पेशवा

टेक्सासची एक भर घालतो. ऑस्टिनने, म्हणजे तिथल्या टेक्सास विद्यापीठाने, तर कॉन्फरन्सचं सोडा, एकट्या विद्यापीठाचं चॅनल काढलं होतं. लाँगहॉर्न नेटवर्क, २०११, ईएसपीएनबरोबर वीस वर्षांचा, तीस कोटी डॉलरचा करार. त्यावरून शेजाऱ्यांच्या पोटात दुखलं. टेक्सास ए अँड एम रागावून एसईसीत गेली. एसईसी नेटवर्कवरची पहिली फुटबॉल मॅच कोणाची? ऑगस्ट २०१४, टेक्सास ए अँड एम विरुद्ध साउथ कॅरोलायना. ए अँड एमने ५२ गुण घातले. दहा वर्षांनी ऑस्टिनवालेही त्याच एसईसीत आले आणि त्यांचं चॅनल २०२४ मध्ये बंद झालं. एकट्याचं चॅनल ही कल्पनाच मला पटत नाही. रोज समोर कोण खेळणार? जुन्या मॅच किती वेळा दाखवणार?

निळीखाडी

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे नीट वाचले.

जमाखर्च आणि ढगाळ, वितरणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मान्य. तरी मालकीचा माझा आग्रह पूर्ण सोडत नाही. पॅक-१२ नेटवर्क वर्षाला साडेआठशेच्या आसपास स्पर्धा लाइव्ह दाखवायचं. फायद्यातोट्याचं गणित करणाऱ्या बाहेरच्या मालकाने वॉटर पोलोला हात लावला असता? कृष्णाकाठ आणि मक्याच्या देशात यांनी जे लिहिलंय, तेच मला गमावल्यासारखं वाटतं.

ढगाळ_सिअ‍ॅटल

मग मूळ प्रश्नाकडे या. नव्या पॅक-१२ ने चॅनल काढावं का?

माझं उत्तर, केबलवर नको. मोठ्या मॅच सीबीएस, सीडब्ल्यू, यूएसए नेटवर्क यांना दिल्यात ते ठीकच केलं. पण सॅन रामोनचा स्टुडिओ आणि तिथली माणसं त्यांनी मोडीत काढली नाहीत, ती जपावीत. चॅनल गेलं तरी प्रक्षेपण करायची यंत्रणा हातात आहे. व्हॉलीबॉल, कुस्ती, सॉकर स्वतः चित्रित करा आणि फुकट नाहीतर अगदी थोड्या पैशांत नेटवर दाखवा. तिथे शंभर टक्के मालकीला अर्थ आहे, कारण मध्ये केबल कंपनी नाही.

जमाखर्च

याला माझं अनुमोदन. फक्त 'थोड्या पैशांत' यावर लक्ष ठेवा. केटलिन क्लार्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये महिला कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला ती मॅच पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर होती, पैसे भरणाऱ्यांनाच दिसली. अशा क्षणांना कुंपण घातलं की नवे प्रेक्षक येत नाहीत.

रारिटनची सून

आणि प्रवासाचं वेळापत्रक करताना त्या मुलींचा विचार करा, एवढं माझ्यातर्फे कोणीतरी कळवा त्यांना.

निळीखाडी

ढगाळ, हे पटलं. केबलचा हट्ट मी सोडतो, स्टुडिओचा नाही.

कृष्णाकाठ, या मोसमात कुस्तीच्या कॅमेऱ्यावर असशील तर तारखा इथे टाक. आम्ही बघू.

कृष्णाकाठचा

टाकतो. वेळापत्रक लागलं की वेगळा धागाच काढतो, ज्यांना मॅटवरचे डाव समजून घ्यायचेत त्यांनी प्रश्न तिथेच विचारा.